कालवणातला टोमॅटो

"बायकांचं दळण आधी. म्हाताऱ्यांचं त्याच्याही आधी. आणि पुरुषानं डबा आणला की तो कायम शेवटी. लाइन नावाची काही गोष्ट आहे की नाही?"

ही कुरकुर थेट विनिताच्या उजव्या कानात शिरली. हेंद्रेपाड्यातल्या विठामावशीच्या चक्कीवर शनिवारी संध्याकाळी एवढी दाटी होते, की दुसऱ्याचं पुटपुटणं आपल्याच डोक्यात चाललंय असं वाटतं. तिनं मान वळवली. तिच्या मागे एक उंच पोरगा उभा होता, छातीशी स्टीलचा डबा धरून, भुवयांवर पीठ.

"मोठ्यानं बोला ना," ती म्हणाली. "मावशीला ऐकू जाईल."

"नको. पुढच्या वेळी गव्हाच्या मागून दळून देईल."

विनिताला हसू आलं. गव्हाच्या मागून तांदूळ दळला की भाकरी चिवट होते, ही गोष्ट ज्याला भाकरी थापावी लागते त्यालाच माहीत असते. खाणाऱ्याला नाही.

"तुम्ही करता भाकरी?"

"मग काय, ती स्वतःहून होते?"

चक्कीच्या घरघरीवरून विठामावशी ओरडली, "अरे सुजित, तिला जाऊ दे आधी! तिचा बाप ताटावर बसून असेल."

त्या वाक्यात थट्टा बिलकुल नव्हती. हरिचंद्र खरोखरच ताटावर बसून असायचे. साडेआठ वाजले की बाहेरच्या खोलीत चटई, चटईवर ताट, ताटासमोर हरिचंद्र. त्यांच्या घरात पुरुषाचं जेवण आधी, बायकांचं मागून, आत. विनिताची आई बकुळा होती तेव्हा ती वाढता वाढता शेजारी बसायची, दिवसभरातलं काहीबाही सांगायची. ती जाऊन तीन वर्षं झाली. आता विनिता आणि धाकटी रिद्धी वाढून आत जायच्या, ते हात धुवून उठले की ओट्याखाली फतकल मारून दोघी जेवायच्या. पद्धत तीच राहिली होती, फक्त चटईवरचं शेजारचं माणूस कमी झालं होतं.

तर चक्की. पुढच्या शनिवारी सुजित तिच्या पुढे होता आणि त्यानं स्वतःहून तिचा डबा आधी सरकवला. त्याच्या पुढच्या शनिवारी दोघांकडे दळायला जेमतेम किलोभर तांदूळ होता... एवढ्याशा दळणासाठी कोण येतं, असं विठामावशीनं तोंडावर विचारलं. विनिता अंबरनाथला लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. सुजित मूळचा बारवी धरणाजवळच्या पाड्यातला, कुणब्याचा, पाण्याच्या पंपावर ऑपरेटर.

"म्हणजे सकाळी माझ्या नळाला पाणी तुम्ही सोडता?"

"तुझ्याच नळाला. बाकीच्या बदलापूरला उरलंसुरलं जातं."

"मग बुधवारी धार बारीक का होती?"

"तू मला अजून अहो-जाहो करतेस म्हणून."

एका शनिवारी तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं. त्यानं पुसायला हात उचलला, मग तोच हात स्वतःच्या केसांत घालून म्हणाला, "विनिता, लग्न करशील माझ्याशी? घाई नाही. दळण होईपर्यंत सांग."

तिच्या हातातून डब्याचं झाकण पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. ते थांबल्यावर ती म्हणाली, "आधी बाबा जेवतील तुझ्याबरोबर. मग बघू."

हे 'बाबा जेवतील' प्रकरण साधं नव्हतं. विनिताला आजवर तीन स्थळं आली आणि तिन्ही जेवणावर मोडली. मुलाचं घर बघायला म्हणून हरिचंद्र जात, जेवून येत, आणि दारात चपला काढता काढता निकाल लावत. कल्याणवाल्यांच्या माशाच्या कालवणात टोमॅटो होता. "म्हावऱ्यान टोमॅटो घालतान, ती काय मानसा?" पनवेलवाले बोंबलाला रवा लावायचे. तिसऱ्या घरानं तर भाकरीऐवजी चपात्या वाढल्या. त्यांचं नावसुद्धा पुन्हा निघालं नाही. रिद्धी हसून लोळायची. "ताई, तुझ्यासाठी नवरा नाही, खानावळ शोधतायत." विनिताही हसायची. टोमॅटोमुळे कुणी पोरीचं लग्न मोडत नाही, हे दोघींना कळत होतं. खरं कारण काय तेही कळत होतं, पण ते तोंडातून काढायचं कुणी? काढलं असतं तर ते आईपाशी जाऊन थांबलं असतं.

रविवारी दुपारी सुजित आला. पांढरा शर्ट, हातात पाड्यावरच्या वालाच्या शेंगांची पिशवी. हरिचंद्रांनी पिशवीत डोकावून बघितलं, "हं" म्हणाले आणि चटईकडे बोट दाखवलं. दोन ताटं. सुक्या बोंबलाचं कालवण, वांगं घातलेलं.

आत विनिता भाकरी थापत होती. भाकरीची कड सारखी फाटत होती. रिद्धी तिच्या कानाशी म्हणाली, "तो कालवणात टोमॅटो शोधतोय बहुतेक," आणि दोघी तोंडात ओढणी कोंबून हसल्या.

बाहेर सुजितचा हात ताटावर थांबला.

"काका, त्या दोघी?"

"मागशी जेवतान. आमचे घरान तसाच हाय."

"पण मग त्यांना गार भाकरी मिळते."

हरिचंद्रांनी पुढचा घास मोडला. सुजितनं आपलं ताट उचललं, "माफ करा हां काका," म्हणाला, आणि सरळ स्वयंपाकघरात गेला.

"गेलं," रिद्धी पुटपुटली. "चौथंही गेलं."

"सरक," तो विनिताला म्हणाला. "तू जेव, मी थापतो."

"बाबा बाहेर—"

"उंडा सुकतोय, विनिता."

ती सरकली. त्यानं हात धुतले, परातीत पीठ भुरभुरलं आणि थापायला लागला. भाकरी गोल झाली, थोडी जाड, पण गोल. तव्यावर पडली, फुगली, आणि तिच्या ताटात आली. वाफ तोंडावर आली तशी विनिताच्या लक्षात आलं, की शाळेत असल्यापासून आपण भाकरी करतोय आणि तव्यावरची आपल्या वाटणीला कधी आलीच नाही. तिनं घास मोडला. बोटं भाजली. तिला ते फार आवडलं.

तेवढ्यात दारात सावली पडली. हरिचंद्र ताट हातात घेऊन उभे होते. या घरात ते पाणी प्यायलासुद्धा आत येत नसत. त्यांनी तव्याकडे बघितलं, सुजितच्या हाताकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"पानी जास्त लावतो," ते म्हणाले.

रिद्धीनं डोळे मिटून घेतले. विनितानं घास खाली ठेवला.

"बाबा, पुरे. आता टोमॅटो नको, रवा नको, पाणीही नको. मला याच्याशी लग्न करायचंय."

तव्यावरची भाकरी उलटायची होती, सुजितनं ती उलटली नाही. करपल्याचा वास सुटला. हरिचंद्र कोपऱ्यातल्या तांदळाच्या पिंपाकडे गेले आणि गुडघ्यावर हात रेटत, पिंपाला पाठ टेकून खाली बसले. ताट मांडीवर. मग ताटाकडेच बघत बोलले.

"कल्यानवाल्यांचे कालवनान टोमॅटो नव्हता गो."

सुजितनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

"चांगला होता कालवन. मीच खोटा बोललू. भाकरीचा नाय काय, भाकरी मी पन थापीन, याच्यापेक्षा बरी थापीन. पन तुमी दोघी आत हसताव ना भाकरी थापताना... तुमची आई गेली तवापासून तुमचा हसना आयकत मी बाहेर जेवताव. तू गेलीस, उद्या ही जाईल. मंग घरान कोन हसनार? मना एकट्याला जेवाला भ्या वाटतं, विनू."