उजव्या खांद्याचं माप

त्या सकाळी ती दुकानात डोकावली ती फक्त घराची किल्ली मागायला. आत आरशासमोर एक माणूस दोन्ही हात वर करून उभा होता. अंगात गडद निळा कोट, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके. आणि तिचे बाबा, ज्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची, तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती फिरत होते.

"शरण आलेत का हे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"आलोय," हात खाली न घेता तो म्हणाला. "पण मास्तर सोडत नाहीत. म्हणतात, आधी हसून दाखवा."

मास्तरांचा तो नियमच होता. पक्की शिलाई मारण्याआधी गिऱ्हाइकाने कोट घालून एकदा बसायचं, एकदा हात वर करायचे आणि एकदा हसायचं. ताठ उभ्या माणसाला कुठलाही कोट बसतो, असं त्यांचं म्हणणं.

"पण हसू कशावर?"

मास्तरांनी टाचण्या काढल्या. "हिच्यावर हसा. दिवसभर छापखान्यात लोकांच्या चुका काढते, आणि घरी आली की माझ्या."

तो हसला. पाठीवर कोट किंचित ओढला गेला, तिथे मास्तरांनी खडूची रेघ मारली. तिनेही ओठ दाबले… पण डोळे दाबता येत नाहीत, आणि त्याने ते आरशात पाहिले.

ती किल्ली घेऊन निघाली तशी मास्तरांनी मागून विचारलं, "संध्याकाळी जेवायला थांबू का?"

"नको. तुम्ही जेवून घ्या. मला उशीर होईल."

"बरं."

एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर खुर्चीत जरा टेकले ते उठलेच नाहीत. मांडीवर एक बाही होती, सुईत दोरा ओवलेला होता.

माणसं आली, बसली, गेली. प्रत्येकाला ती एकच वाक्य सांगत होती, "जमेल माझं मला." दोन वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही तिने हेच वाक्य वापरलं होतं. तो मुलगा शेवटच्या आठवड्यापर्यंत "सगळं छान चाललंय" म्हणत होता आणि मग एका दुपारी जातो म्हणाला. ती म्हणाली, "ठीक आहे." तेव्हापासून "छान" हा शब्द कुणी उच्चारला की ती मनातल्या मनात त्याच्याखाली लाल रेघ ओढायची.

तीन आठवड्यांनी तिने दुकान उघडलं, ज्याचं कापड त्याला परत करायला. चौथ्या दिवशी तो निळ्या कोटवाला आला. खांद्यावर हत्यारांची जड पिशवी, बोटांना ग्रीस. लिफ्ट दुरुस्त करायचा तो.

"मला कळलं," तो एवढंच म्हणाला. हे तिला बरं वाटलं.

"कोट अर्धाच आहे. कापड घेऊन जा, दुसरीकडे शिवून मिळेल."

"बहिणीचं लग्न बारा दिवसांवर आलंय." त्याने पुतळ्यावरच्या कोटाकडे पाहिलं. "आणि मास्तरांनी मला बजावलं होतं, एकाचे कच्चे टाके दुसऱ्याच्या हातात देऊ नयेत."

"मग काय करायचं?"

"तुमच्या हातात दिले तर चालेल असं वाटतं. तुम्हाला येतं ना?"

येत होतं. सोळाव्या वर्षापर्यंत ती बाबांच्या शेजारी बसूनच शिवायची. मग पुस्तकांनी तिला पळवलं. "सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण… ठेवून जा."

तो ठेवून गेला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोट बघायला आला. तिसऱ्या दिवशीही. शेजारच्या इस्त्रीवाल्या काकू खिडकीतून सगळं पाहत होत्या.

"काय गं, कोट एक आणि फेऱ्या दहा? की एकेक बाही वेगवेगळी नेतोय?"

"काकू, तुमची इस्त्री करपतेय."

"इस्त्री बंदच आहे, बाई. करपल्याचा वास दुसराच कुठला तरी असेल."

तो स्टुलावर बसायचा, ती काजं करायची. दोघंही बेताबेताने बोलत, जिन्यात दिवा नसला की पाऊल टाकतात तसं. त्याची बायको लग्नानंतर चार वर्षांनी एक चिठ्ठी ठेवून निघून गेली होती, आणि तेव्हापासून घरातून निघताना तो गॅस दोनदा, कुलूप तीनदा बघायचा.

"लिफ्टचा दोर तुटेल अशी भीती नाही वाटत?" तिने एकदा विचारलं.

"दोर तुटला तरी लिफ्ट पडत नाही. खाली एक ब्रेक असतो, तो रुळाला धरतो. तो तपासायचा तर लिफ्ट मुद्दाम वेगात खाली सोडावी लागते."

"आणि नाही धरला तर?"

"तपासताना आत कुणी नसतं." तो म्हणाला. "माणसांचं तसं नाही. आत बसूनच बघावं लागतं."

तिच्या सुईने बोट टोचलं. तिने ते गुपचूप पदराखाली दडपलं. त्याने पाहिलं, पण विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र तिने टाळली. खांदे बसवण्याआधी कोट पुन्हा त्याच्या अंगावर घालून बघायला हवा होता. म्हणजे त्याच्या अगदी जवळ उभं राहायचं, खांद्यांवरून हात फिरवायचा… "गरज नाही," ती म्हणाली, "वहीत सगळं आहे." मास्तरांच्या मापांच्या वहीत कुणाचं नाव नसायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक रेघांचं बाहुलं, आणि त्यावर खुणा. पिशवी वाहून त्याचा एक खांदा उतरला होता, तिकडे जाड पॅड घालायचं होतं. बाहुल्याच्या डाव्या बाजूला तशी खूण होती. पुतळ्यावरचा कोट तिच्याकडे पाठ करून होता, त्यामुळे बाहुलंही तिला पाठमोरंच वाटलं. त्या हिशेबाने तिने जाड पॅड डावीकडे शिवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने कोट घातला, आरशात पाहिलं. क्षणभर थांबला.

"छान झालाय," तो म्हणाला.

बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा मोकळं हसली. त्या शब्दाखाली रेघ ओढायचीही विसरली.

दोन दिवसांनी वह्या आवरताना तिला एक पान सापडलं. बाहुलं छोटं, मग दरवर्षी थोडं थोडं मोठं. शेवटच्या बाहुल्याच्या गालावर एक ठिपका होता. तिचा हात आपोआप स्वतःच्या तिळाकडे गेला. खाली बाबांचं अक्षर: "हात गार पडतात. सांगत नाही. आतून खिसे ठेवणे."

लहानपणापासूनच्या तिच्या प्रत्येक कोटाला आत दोन खिसे होते. ती समजायची, सगळ्यांच्याच कोटांना असतात.

तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग पुन्हा त्या ठिपक्याकडे पाहिलं आणि दचकली. पाठमोऱ्या माणसाच्या गालावरचा तीळ कसा दिसेल? बाबा बाहुली समोरून काढायचे. सगळीच.

तेवढ्यात दारात तोच उभा. कोट हातावर, चेहऱ्यावर हसू आणि लग्नघरातलं जागरण.

"खांदा उजवा होता," ती म्हणाली.

त्याचं हसू विरलं. "हो."

"आरशात दिसलं होतं तुम्हाला?"

"दिसलं होतं."

"आणि तुम्ही छान म्हणालात."

"तुम्ही इतक्या आशेने बघत होतात… मला बोलवेना."

"मला दया नको होती, माप हवं होतं." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "याआधी एकाने मला शेवटपर्यंत छानच सांगितलं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते, माझी चूक मला कुणी सांगायची?"



"मी सांगायला हवी होती," तो म्हणाला. "चुकलो. आता सांगतो, सगळंच सांगतो. फोटोत सगळे सरळ उभे आहेत आणि मी एकटा वळणावरच्या बससारखा कललोय. बहीण म्हणाली, दादा, कोणी शिवला रे हा? डावीकडचं तिसरं काजही तिरकं आहे. आणि कोट दुसऱ्याच दिवशी बघायला यायची काही गरज नव्हती. कोटासाठी मी आलोच नव्हतो."

खिडकीपलीकडे इस्त्रीचा आवाज थांबला होता.

तिला हसू येईना आणि रडूही. तिसरं काज खरंच तिरकं होतं, तिलाही ते माहीत होतं. पण कुणी तरी ते पाहिलं होतं, आणि तोंडावर सांगितलं होतं.

त्याने कोट टेबलावर ठेवला. "सवडीने उसवा. किंवा असू द्या तसाच. मी… येत नाही मध्ये मध्ये." तो वळला.

तिच्या ओठांवर नेहमीचं वाक्य तयार होतं. ठीक आहे. जमेल माझं मला. ते इतकं घासून गुळगुळीत झालं होतं की उच्चारायला जोरही लागला नसता. टेबलावर ती वही उघडी होती. सांगत नाही. बाबांनी त्या सकाळी विचारलं होतं, थांबू का. आणि 'थांबा' म्हणायला तिला सगळा दिवस मोकळा होता.

तो उंबऱ्यापाशी पोहोचला.

तिने कोट उचलला, कात्रीच्या टोकाने डाव्या खांद्याचा पहिला टाका कापला. आवाज बारीकसाच झाला, पण तो थबकला.

"मास्तरांचा नियम आहे," ती म्हणाली. "खांदा बसवायचा तर माणूस समोर लागतो."

"मग उद्या येऊ?"

तिचे हात गार पडले होते. तिने ते लपवले नाहीत.

"नको, उद्या नको. थांब. जाऊ नकोस… मला तू इथे हवा आहेस."