शाईला मारलेल्या हाका

"दार वर काप! वर म्हणजे वर! जमिनीला टेकवलंस तर पिल्लं घरंगळत बाहेर येतील!"

"आणि शाई आत कशी जाणार? शिडी लावून?"

"ती मांजर आहे, दुर्बीण! तुझ्यासारखी उंबऱ्याला ठेचकाळत नाही!"

दुर्बिणीने नाकावरून घसरलेला जाड भिंगांचा चष्मा वर सारला आणि गुपचूप खोक्यावर पेन्सिलीने नवी रेघ मारली. बुटकीशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे तो पहिलीपासून शिकला होता. बुटकी वर्गात सगळ्यांत ठेंगणी. पण तिचा आवाज मात्र शाळेच्या फाटकापर्यंत पोचायचा.

"मी काय करू? मी काय करू?" शेपूट मध्येच लुडबुडला. हा बुटकीचा धाकटा भाऊ. ताई जाईल तिथे मागे मागे, म्हणून शेपूट.

"तू कागद फाड. आणि तोंड बंद ठेव!"

"दोन्ही एकदम?"

सुट्टी लागली होती आणि शाईचं पोट दिवसेंदिवस फुगत चाललं होतं. शाई कुणाचीच नव्हती. पांढरीशुभ्र, पाठीवर दौत लवंडल्यासारखा काळा डाग. गल्लीभर हिंडायची आणि दुपारी बुटकीच्या बाबाच्या दवाखान्यात येऊन ताणून द्यायची. बाबा दातांचा डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. घाबरून बसलेले पेशंट शाईला कुरवाळत आपला नंबर यायची वाट बघायचे.

"हिला बाळंतपणाला जागा हवी," असं बुटकीने सांगितलं, तेव्हा बाबाने लगेच किल्ली काढून दिली होती. "घ्या मागची साठवणीची खोली! पण पिल्लांना दात आले की तपासणी माझ्याकडेच! फी डबल!"

असाच होता बाबा. बुटकीला वाटायचं, अख्ख्या गल्लीत असा बाबा कुणाला नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून तिघांनी सगळी तयारी केली. खोकं मोठं हवं, पण शाईला त्यात पाय ताणून पडता आलं पाहिजे, एवढंच मोठं. उगाच भव्य नको. खाली वर्तमानपत्रांचे थर, वर मऊ सुती कापड. लोकरीचं नको, पिल्लांच्या नख्या अडकतात. पाणी जवळ, शी-शूसाठी मातीचं घमेलं लांब. उजेड कमी, गोंगाट बंद.

"गोंगाट बंद म्हणजे ताईला आत यायची बंदी!" शेपूट म्हणाला आणि पाठीत धपाटा खाऊन पळाला.

संध्याकाळी शाई आली. खोक्याभोवती फिरली, आत डोकं घातलं, कापडावर पुढचे पाय आळीपाळीने दाबले. मग तिघांकडे असं पाहिलं, जणू भाडं किती ते विचारते आहे!  शाई आत जाऊन बसली.

"पसंत!" दुर्बीण कुजबुजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं रिकामं होतं.

त्या सकाळी दवाखान्यात नुसता धुडगूस चालला होता. बसायच्या खोलीला रंग द्यायचा होता. जुना सोफा जाऊन नव्या खुर्च्या यायच्या होत्या. बुटकी उठून खाली आली, तोवर सोफा टेम्पोतून गेलाही होता आणि रंगारी शिडीवर चढून छत खरवडत होता. बाबाच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती.

"काय झालं रे?"

"काही नाही गं, सोफा उचलताना खिळा लागला."

"आणि शाई कुठंय?"

बाबाने खिशातला रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. "असेल इथेच कुठेतरी. मांजरं अशीच असतात. आपण केलेल्या घरात थोडीच राहतात? स्वतःची जागा स्वतः शोधतात."

त्या दिवशी तिघांनी गल्ली पालथी घातली. जिन्याखाली, गच्चीवर, गाड्यांच्या पोटाखाली. बुटकीचा घसा बसला. संध्याकाळी बाबा स्वतःहून चपला घालून आला. "चल, मी येतो तुझ्याबरोबर."

"शाई! ये गं बाई, शाई!" तो एका टोकाला आणि बुटकी दुसऱ्या टोकाला. कचऱ्याच्या डब्यांची झाकणंसुद्धा त्याने उचलून पाहिली. समोरच्या इमारतीतल्या शिक्षिकाबाई खिडकीतून बघत होत्या. परतताना बाबाने बुटकीच्या खांद्यावर हात ठेवला. "सुखात असेल ती. एवढं मनाला लावून घेऊ नये."

त्यानंतरही रोज सकाळी बुटकीने वाटीतलं पाणी बदललं. रोज बाबाने ते पाहिलं.

रंगकाम संपलं. रंगाऱ्याने जमिनीवर अंथरलेलं प्लास्टिक गुंडाळलं आणि बुटकीच्या हातात झाडू दिला. "पण तो कोपऱ्यातला कचरा माझा नाही हं! सोफा उचलला तेव्हाचाच आहे. मी त्याच्यावरच प्लास्टिक टाकलं होतं."

बुटकी झाडणार तेवढ्यात दुर्बीण ओरडला, "थांब! हलू नकोस!"

तो गुडघ्यांवर बसला, नाक जमिनीला टेकेल इतका वाकला. कोपऱ्यात फोमचे बारीक बारीक कपटे पडले होते. काळ्या कापडाच्या चिंध्या होत्या. आणि पांढऱ्या केसांचा पुंजका.

"हे काळं कापड सोफ्याच्या तळाला असतं," दुर्बीण म्हणाला. "कुणीतरी खालून फाडलंय. आतला फोम उकरून बाहेर टाकलाय."

"कशाला?" शेपटाने विचारलं.

बुटकीच्या हातातला झाडू गळून पडला. "जागा करायला! ती सोफ्याच्या पोटात होती! आणि सोफा..."

 तिघंही चौकाकडे धावत सुटले होते.

सोफा घेणाऱ्या फर्निचरवाल्याचं दुकान चौकात होतं आणि गोदाम मागच्या गल्लीत. आधी ते गोदामाकडे गेले. पत्र्याचं दार, त्याला नारळाएवढं कुलूप. बुटकीने दाराला कान लावला. काहीच नाही. "शाई!" तिने हाक मारली. "शाई!"

आतून खरवडल्याचा आवाज आला. आणि मग एक म्याऊ; इतकं बारीक की ते म्याऊ आहे हे समजायलाही वेळ लागला.

"जिवंत आहे!" शेपूट नाचायला लागला.

बुटकी त्याचा हात धरून दुकानात शिरली; दुर्बीण बाहेरच थांबला. फर्निचरवाले काका खुर्चीवर मांडी घालून बसले होते. "काका, गोदाम उघडा! तुम्ही आमच्याकडून सोफा नेलात ना, त्यात आमची मांजर आहे! तिला पिल्लं होणार आहेत!"

"असेल तर असेल. माझं काय मांजर आहे ते?"

"पण ती आत अडकलीय!"

"हे बघ पोरी, माझी माणसं सुट्टीवर गेलीत. सामान हलवणार कोण? सोमवारी बघू."

"सोमवारपर्यंत मरेल ती!"

"मांजर असं मरत नाही. पळा!"

बाहेर पायरीवर बुटकी मुठी आवळून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते शेपटाला दिसू नये म्हणून ती वर पाटीकडे बघत होती. पाटीवर मखमली खुर्चीचं चित्र होतं. बघता बघता तिचे डोळे बारीक झाले.

"दुर्बीण, तुला त्यांनी पाहिलेलं नाही. तू जा. मांजराचं नाव काढू नकोस. सांग, गोदामात घूस शिरलीय!"

"खोटं बोलू?"

"बोल! आणि जरा तिखटमीठ लावून बोल!"

दुर्बिणीने चष्मा काढून खिशात टाकला. तो काढला की त्याला समोरच्या माणसाचा राग दिसत नाही आणि मग धीर येतो. तो धापा टाकत दुकानात शिरला.

"काका, मागचं पत्र्याचं गोदाम तुमचं का हो? आतून कसला भयंकर कुरतडल्याचा आवाज येतोय! आमच्याकडे अशीच एक घूस शिरली होती. एका रात्रीत तीन गाद्या फाडल्या! लाकूडसुद्धा सोडलं नाही!"

"काय?" काकांची मांडी सुटली. एक चप्पल उलटी, एक सुलटी. किल्ल्यांचा जुडगा आणि कोपऱ्यातली काठी घेऊन ते निघाले. मांजरासाठी जागचा न हललेला माणूस घुशीसाठी धावत सुटला! बुटकी, दुर्बीण आणि शेपूट मागून धावले.

कुलूप निघालं. आत धूळ, वार्निशचा वास आणि कोंदट उकाडा. सोफा एका बाजूवर उभा करून ठेवला होता आणि त्याच्या तळाला घट्ट चिकटून दिवाणाची एक भलीमोठी फळी टेकवली होती. सोफ्याच्या पोटातून पुन्हा तोच आवाज आला.

काकांनी काठी उगारली.

"मारू नका!" बुटकी मध्ये घुसली. "घूस नाही ती! धर रे, दुर्बीण!"

दोघांनी मिळून फळी ओढली. फाटलेल्या काळ्या कापडाच्या भोकातून दोन हिरवे डोळे चमकले. शाई बाहेर आली नाही. नुसती बघत राहिली.

"शेपटा, पळ! पाणी आण! आणि आपलं खोकं!"

शेपूट बाणासारखा सुटला. बुटकीने कापड आणखी फाडलं आणि आत हात घातला. स्प्रिंगांच्या मधल्या बेचक्यात, शाईच्या पोटाशी चार पिल्लं होती. दोन चुळबुळत होती. दोन थंड होती. एकावर तर अजून शाईच्या चाटण्याचे ओले फराटे होते.

दुर्बिणीने खिशातून चष्मा काढला. पण डोळ्यांवर न लावता तो हातातच धरून राहिला.

"तुम्ही सोमवार म्हणालात!" बुटकी गर्रकन काकांकडे वळली. "एक फळी बाजूला करायची होती! एक फळी!"

"माझ्यावर कशाला ओरडतेस?" काकाही चिडले. पण काठी आता खाली आली होती. "तुझ्या बाबांना विचार की! सोफा टेम्पोत चढवताना तेच म्हणाले, आत मांजर शिरलंय, मला ओरबाडलं, तिकडे पोचलात की हाकलून द्या. मी म्हटलं, बरं. मग उतरवायच्या गडबडीत गेलं डोक्यातून."

बुटकीला आधी वाटलं, काका थापा मारताहेत. मग तिला बाबाच्या अंगठ्यावरची चिकटपट्टी आठवली. मग झाकणं आठवली. एकेक करून उचललेली, आत वाकून पाहिलेली कचऱ्याच्या डब्यांची झाकणं.

"तू काही ऐकलं नाहीस, कळलं?" ती दुर्बिणीला म्हणाली.

"नाही ऐकलं," दुर्बीण म्हणाला.

शाईला आणि दोन पिल्लांना खोक्यात घालून वरात घरी आली. गल्लीत ही गर्दी! फर्निचरवाले काकासुद्धा सोबत आले होते आणि फळी कशी बाजूला केली ते हातवारे करून सांगत होते. ऐकणाऱ्याला वाटावं, ती त्यांनीच ओढली! जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी येऊन शाईला तपासलं. "आणखी एक दिवस गेला असता, तर ही वाचली नसती. हुशार आहात रे पोरांनो!"

"शाबास!" बाबा पुढे झाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो हसत होता. "गुप्तहेर आहे माझी लेक!"

"गुण तुमचेच आलेत, डॉक्टर," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "मी पाहिलं ना खिडकीतून! एका मांजरासाठी दिवसभराच्या कामानंतर गल्लीभर हाका मारत फिरणारा बाप आजकाल कुठे बघायला मिळतो?"

लोकांनी माना डोलावल्या. बाबाने हात जोडल्यासारखं काहीतरी केलं.

गर्दी पांगल्यावर तो साठवणीच्या खोलीच्या दारात आला. बुटकी खोक्याशी बसली होती.

"फर्निचरवाल्या काकांनी सांगितलं मला," ती म्हणाली. शाळेच्या फाटकापर्यंत पोचणारा तिचा आवाज आज दारापर्यंतही जेमतेम पोचला.

बाबा दाराच्या चौकटीला टेकला. "टेम्पोने रस्ता अडवला होता गं. मागे गाड्या भोंगे वाजवत होत्या. मी हात घातला, ती निघेना. मला वाटलं, उतरवतील तेव्हा उडी मारून पळेल."

"ते मी समजू शकते. पण नंतर तू माझ्याबरोबर हाका का मारल्यास?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी तेव्हाच गेले असते."

"रोज वाटायचं सांगावं. पण तू ती वाटी घेऊन..." बाबा थांबला. मग त्याने उगाच विचारलं, "दूध आणू तिला?"

"नको. दूध द्यायचं नाही म्हणाल्यात डॉक्टरीणबाई. पाणी आहे."

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं मध्येच थांबली आणि मग हळूहळू वर गेली. बुटकीने वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळाने शेपूट आला. मागच्या अंगणात दुर्बिणीबरोबर खड्डा खणून, गेलेल्या दोन पिल्लांना पुरून, हात धुऊन आला होता. तो ताईला चिकटून बसला. एक पिल्लू शाईच्या पोटावर चढायची खटपट करत होतं आणि पुन्हापुन्हा घसरत होतं.

"ताई, बाबाला माहीत असतं की शाई सोफ्यात आहे, तर त्याने तिला लगेच आणली असती, हो ना?"

बुटकीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नखांत अजून माती होती.

"हो," ती म्हणाली. "लगेच आणली असती."

"मला माहीतच होतं!" शेपूट खुशीत म्हणाला आणि घसरलेल्या पिल्लाला बोटाने हळूच वर सरकवू लागला.