पंपघरामागची विहीर

यातला शब्द न् शब्द खरा आहे. पटलं नाही तर सोडून द्या, पण हसू नका.

माझ्या सख्ख्या वहिनीवर हे ओढवलं. तेही रात्री-बेरात्री नाही. रविवारच्या टळटळीत दुपारी, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात.

वहिनीचं काम तसं साधं. शहरातल्या टाक्यांच्या, नळांच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत जातात. तपासणी झाली की तिकडून एक फाईल येते. ती फाईल वहिनी ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवते. मग कुठलं पाणी चांगलं नि कुठलं खराब, ते साहेबांना दिसतं.

त्या आठवड्यात आमच्या भागात घरटी एक जण आडवा झाला होता. जुलाब, उलट्या, ताप. माझा पुतण्या दवाखान्यात होता. सलाईन लावलेलं, डोळे खोल गेलेले. दादा आणि मी त्याच्या उशाशी बसून होतो.

सकाळी शेजारच्या खाटेवरची मुलगी गेली.

वहिनीने तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, पाणी बंद करा हो. पाण्यातूनच होतंय हे."

"अहो बाई, अंदाजाने अर्ध्या शहराचं पाणी तोडू का? आज फाईल येतेय ना? सॉफ्टवेअरमध्ये लाल दिसू दे, त्याच मिनिटाला तोडतो."

पोराच्या कपाळावरून हात फिरवून ती उठली.

ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. वॉचमनने कुलूप काढून दिलं आणि तो खाली फाटकाशी गेला. फाईल आलेली होती. वहिनीने ती चढवली.

लाल चौकट उमटली. 'ठिकाण सापडले नाही.'

एक ओळ चुकली तरी ते सॉफ्टवेअर अख्खी फाईल परत फेकतं. तिने फाईल उघडली. अगदी शेवटची ओळ... 'पंपघरामागची विहीर'.

अशी विहीर सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. तिने तरी कधी ऐकली नव्हती. तिने ती ओळ पुसली, फाईल पुन्हा चढवली.

पुन्हा लाल चौकट.

फाईल उघडली तर... ओळ जागच्या जागी.

तिने परत पुसली. परत आली. पुन्हा पुसली. पुन्हा तीच.

तेवढ्यात कुठूनसा आवाज आला. टप्... टप्...

पाणी ठिबकत होतं. तिने उठून बेसिनचा नळ पाहिला. कोरडा ठणठणीत.

तिने प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाईंना फोन केला.

"तुम्ही म्हणता ती ओळ माझ्याकडच्या फाईलमध्ये नाहीये हो," त्या म्हणाल्या. "नमुना कधी घेतलाय म्हणून लिहिलंय?"

"आज... आज दुपारी."



"बाई, पाण्यातले जंतू वाढून दिसायला अख्खा दिवस जातो. आजच्या पाण्याचा निकाल आज कसा येईल? नमुना घेणाऱ्याचं नाव बघा बरं."

वहिनीने बाजूचा रकाना पाहिला... आणि तिच्या हातून फोन सुटला.

'नाना.'

नाना हे नमुने गोळा करणारे जुने कर्मचारी. गेल्या पावसाळ्यात बाटल्या भरायला म्हणून गेले, ते घरी आलेच नाहीत. पंपघराजवळ त्यांची मोटारसायकल मिळाली. माणूस नाही.

ठिबकणं थांबलं होतं.

आता बाहेरच्या पॅसेजमध्ये... पचक... पचक... पाणी भरलेले गमबूट घालून कोणीतरी येत होतं. आवाज दाराशी येऊन थांबला. दार सताड उघडं होतं.

दारात कोणी नव्हतं. नुसता गाळाचा वास.

फोन वाजला. दादा होता. "किती वेळ गं? तो... तो हाकेला ओ देईना झालाय!"

मी शेजारीच होतो. वहिनीचं रडणं मला ऐकू आलं. पण ती दादाशी बोलत नव्हती.

"नाना, माझं पोर चाललंय हो... पाया पडते तुमच्या, जाऊ द्या ना ती फाईल!"

पचक.

एक पाऊल. दाराच्या आत.

वहिनी म्हणते, त्या क्षणी तिला कळलं की ती ओळ जाणार नाही. तिने सॉफ्टवेअरमध्ये नवं ठिकाण तयार केलं. पंपघरामागची विहीर. फाईल चढवली.

गेली!

सगळ्या ओळी हिरव्या. या खेपेचे बाकी नमुने टाक्यांवरचे, आणि एकूण एक टाकीचं पाणी स्वच्छ. फक्त शेवटची ओळ लालभडक.

ती ओळ पुसली गेली असती, तर साहेबांनी काहीच केलं नसतं.

साहेबांनी शब्द पाळला. पाणी तोडलं, टँकर लावले. दोन दिवसांनी एका म्हाताऱ्या फिटरने जागा दाखवली. गेल्या पावसाळ्यातच कोणीतरी त्या विहिरीवर स्लॅब ओतून टाकला होता. तो फोडला. विहिरीत गटार पाझरत होतं, आणि आमच्या भागाकडे जाणारी पाइपलाइन तिथेच, त्या घाणीत फुटली होती.

विहीर उपसली. तळाशी नुसता गाळ. नानांचं काहीच नव्हतं... नमुन्यांच्या बाटल्या थंड ठेवायची एक बर्फपेटी सोडून.

आतला बर्फ अजून घट्ट होता.

माझा पुतण्या वाचला. तो घरी आला त्याच संध्याकाळी नानांची बायको आमच्या दारात उभी राहिली. पाणीसुद्धा घेतलं नाही काकूंनी.

"रविवारी दुपारी नमुना घेतला, असं लिहून आलं होतं ना गं?"

"हो काकू."

"म्हणजे रविवारी दुपारपर्यंत होते ते." काकूंचा आवाज अगदी शांत होता. "मग स्लॅब फोडायला तुम्ही दोन दिवस का लावलेत?"

आणि काकू तशाच माघारी वळल्या. 

काकू रोज त्या विहिरीपाशी जाऊन बसतात. परवा मला तिकडूनच यावं लागलं. त्या आत वाकून कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या. मधेच थांबायच्या... ऐकून घेतल्यासारखं... आणि मान हलवायच्या.

मी थांबलो नाही.