चरावरची फळी

तिच्या केसांतून फणी फिरवणारा हात आज मुका होता.

एरवी तो हात किती बोलका असायचा! तिचा उजवा हात निकामी झाल्यापासून रोज सकाळी औषधांच्या दुकानात कामाला जाण्याआधी नवरा तिच्या मागे स्टूल ओढून बसायचा, वेणी घालता घालता एखादा पेड हरवून बसायचा, आणि मग स्वतःच हसत म्हणायचा की हा भांग नव्हे, आपल्या गल्लीतला रस्ता आहे, जिकडे पाहावं तिकडे खड्डे! त्यावर पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचं ठरलेलं वाक्य यायचं, की आमच्या वेळी बायकोचे केस केवढे आहेत हेसुद्धा नवऱ्याला ठाऊक नसायचं... आणि ती मान खाली घालून हळूच हसायची. आज मात्र फणी नुसती वरून खाली जात होती, आणि गुंता लागला की तिथेच थांबत होती.

कारण काल संध्याकाळी तिने त्याला सांगून टाकलं होतं. रस्त्यात खणलेल्या चराभोवतीचा पत्रा कुणी सरकवला, असं कोर्टात विचारलं, तर ती उत्तर देणार होती... मीच.

“माझ्याकडे बघून सांग,” तो एकदम म्हणाला, “तो पत्रा तू सरकवलास?”

मांडीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे ती बघत राहिली. त्याची बोटं अर्धवट मिटलेली होती, ना मूठ, ना तळवा.

“उशीर होतोय, अहो.”

त्याने फणी खाली ठेवली. माणसाने चांगलं असावं, पण घरच्यांना जाच होईल इतकं असू नये, एवढंच पुटपुटून तो चपला घालायला गेला. आणि दारात उभ्या सासूबाई, ज्यांना वाटत होतं की ही सून भरपाईसाठी कोर्टाची पायरी चढते आहे आणि तिच्यापायी कंत्राटदार आपल्या धाकट्याला कामावरून काढणार आहे, त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, “जा बाई, जा. एका हातापायी माझ्या लेकाच्या पोटावर पाय दे.”

एकाला वाटत होतं ती हक्क सोडते आहे, दुसरीला वाटत होतं ती हक्कासाठी घर मोडते आहे... आणि सांगायचं तरी कुणाला!

कित्येक वर्षांचा तिचा एक नेम होता. कामाला बसण्याआधी डोळे मिटून देवाला एवढंच म्हणायचं, की आज माझ्या तोंडून खोटं जाऊ देऊ नकोस. मग दाभण हातात घ्यायचं. हात गेला, काम गेलं, पण नेम चुकला नव्हता. आज पहिल्यांदा ती डोळे न मिटताच उठली. देवाला तोंड दाखवायची तिची हिंमत झाली नाही.

ती पुस्तकं बांधायची. रस्त्याच्या टोकाशी छापखाना होता, तिथून घड्या घातलेल्या कागदांचे गठ्ठे यायचे, आणि घराच्या पुढच्या खोलीत खळ, पुठ्ठा, दोरा यांच्या वासात त्यांची पुस्तकं व्हायची. गठ्ठे ती कधी हातगाडीवर घालू द्यायची नाही, कडा दुमडतात म्हणून. दोन्ही हातांवर गठ्ठा घ्यायचा, वरून हनुवटी दाबून धरायची, आणि तशीच चालत यायची. पायाखालचं काही दिसत नसे, पण त्या रस्त्याचा दगड न् दगड तिच्या पावलांना पाठ होता. सासूबाई म्हणायच्या, ही डोळ्यांनी चालतच नाही, तळव्यांनी वाचत येते.

मग पाण्याचे मोठे नळ घालायला रस्ता खणला. घरांच्या उंबऱ्यासमोरून माणूसभर खोल चर गेला, त्याच्या कडेने पत्रे उभे राहिले, आणि समोर दिसणाऱ्या घरी जायला सगळ्या वस्तीला वळसा पडू लागला. त्या कामावरचा मुकादम म्हणजे तिचाच धाकटा दीर, बारक्या.

नावाचाच बारक्या, दारातून वाकून यावं लागे एवढा उंच! पण ती लग्न होऊन आली तेव्हा तो खरोखरच बारका होता. सासूबाई दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या, आणि हे पोर तिचं बोट धरल्याशिवाय झोपायचं नाही. कडू औषध बघून तोंड घट्ट मिटायचं. मग ती म्हणायची, “माझी शपथ आहे तुला.” की घोट गेलाच पोटात! पण नंतर तो तिच्या मागे मागे फिरायचा. शपथ अंगावर राहिली तर वहिनीला काही होईल, या भीतीने रडवेला होऊन म्हणायचा, “वहिनी, सुटली म्हण ना.” ती “सुटली” म्हणाली, की पळालाच खेळायला. मिशी फुटली, हाताखाली माणसं आली, तरी ती सवय गेली नव्हती. सासूबाई थट्टा करायच्या की मुकादमसाहेब साऱ्या मजुरांना दम देतात, आणि घरी येऊन वहिनीकडे सुटका मागतात.

वहिनीने गठ्ठा घेऊन वळसा घालावा, हे त्याला बघवलं नाही. घरासमोरचा एक पत्रा सरकवून त्याने वाट केली आणि चरावर एक जाड फळी टाकली. फक्त वहिनीसाठी. तिच्या पावलांनी ती फळीही पाठ करून घेतली...

त्या दिवशी रस्ते खात्याचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. परवानगीशिवाय टाकलेली फळी दिसायला नको, म्हणून बारक्याने ती घाईघाईने उचलली आणि गोणपाटाखाली झाकली. साहेब आले, पुढे गेले, त्यांच्या मागोमाग तोही गेला. आणि सरकवलेला पत्रा तसाच राहिला! तिन्हीसांजेला ती आली. कडेला दिवा नव्हता. हनुवटीखाली गठ्ठा होता. पावलाने विश्वासाने फळी शोधली... आणि फळी नव्हती.

चिखलात, विखुरलेल्या कागदांवर ती पडलेली असताना सगळ्यात आधी धावत येऊन खाली उडी मारली ती बारक्यानेच. “वहिनी, फळी मी...” एवढंच त्याच्या तोंडून निघालं, आणि शुद्ध हरपण्याआधी तिने डावा हात त्याच्या तोंडावर ठेवला. “हे पुन्हा बोलायचं नाही. कुणापाशी नाही. माझी शपथ आहे तुला.”

या शपथेतून तिने त्याला सोडवलं नव्हतं. इस्पितळात तो दोनदा खाटेपाशी येऊन उभा राहिला, ओठ हलले, पण तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून तो तिच्यासमोर जेवायला बसत नसे. घरात त्याची चाहूल तेवढी यायची, एखाद्या पाहुण्यासारखी.

तिच्या नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने दावा लावला होता रस्ते खात्यावर आणि कंत्राटदारावर, आणि ते दोघेही म्हणत होते की आम्ही पत्रे लावले होते, बाईनेच सरकवले असतील. इस्पितळात विचारपूस करायला आलेल्या कंत्राटदाराच्या माणसाला ती ग्लानीत म्हणाली होती, माझंच चुकलं. ते एक वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं. तिच्या बाजूच्या वकीलबाई प्रेमळ होत्या. बाई, काही लपवताय का, असं त्यांनी परोपरीने विचारून पाहिलं. पण जो प्रश्न तिचं काळीज पोखरत होता, की खरं बाहेर आलं तर सगळा भार त्या पोरावरच पडेल का, तो विचारणं म्हणजेच सांगणं होतं. म्हणून तिने तो कधी विचारलाच नाही.

कोर्टातली खोली लहानशी होती. खिडकीतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगत होती. ती साक्षीला उभी राहिली, आणि खरं बोलेन अशी शपथ तिने घेतली. सासूबाई मागच्या बाकावर पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. बारक्या अगदी दाराशी, भिंतीला टेकून उभा होता.

खात्याचे वकील सौम्यपणे बोलत होते. चर खणलेला तुम्हाला माहीत होता ना? होता. रोजचा रस्ता होता ना? होता. हातात ओझं असल्यामुळे खालचं दिसत नव्हतं ना? नव्हतं. प्रत्येक उत्तर खरं होतं, आणि प्रत्येक उत्तराबरोबर ती आपल्याच हाताने आपली वाट बंद करत होती.

“मग तो पत्रा तुम्हीच सरकवलात, बरोबर?”

एकच शब्द बोलायचा होता. हो. ती तो शब्द रात्रंदिवस घोकत आली होती. पण जी जीभ इतकी वर्षं रोज सकाळी देवापुढे स्वच्छ करून घेतली होती, ती आज वळेना! कठड्यावरचा डावा हात घामाने निसटू लागला, आणि मागून एक आवाज आला, मोठ्या माणसाचा, पण लहान मुलासारखा कापरा.

“वहिनी... सुटली म्हण.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. न्यायाधीशांनी कपाळाला आठी घालून त्याला गप्प बसायला सांगितलं. तो बसला नाही. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो पुसतही नव्हता.

“सुटली म्हण, वहिनी. मला जेवण जात नाही. सुटली म्हण ना.”

तिला वाटलं, धरती दुभंगावी! एका शब्दाने त्याचं काम जाणार, अब्रू जाणार, कदाचित त्याहून अधिक काही... आणि तो शब्द नाही दिला तर? तिने पाहिलं, त्याचे डोळे खोल गेले होते, गालाची हाडं वर आली होती. ज्याला वाचवण्यासाठी ती खोटं बोलणार होती, तो वाचला कुठे होता? तिने बांधलेल्या शपथेखाली तो इतके महिने चिरडला जात होता. चरात ती एकटी पडली नव्हती... ते दोघंही पडले होते, आणि तो अजून तिथेच होता.

“सुटली,” ती म्हणाली. “सुटली रे बाळा.”

मग आधी तिने सांगितलं, आणि तिच्यानंतर त्याला साक्षीला उभं केलं तेव्हा त्याने सांगितलं. फळी, पत्रा, साहेबांची पाहणी, सारं काही. खात्याचे वकील समाधानाने मान डोलवत म्हणाले की मग प्रश्नच मिटला, दोष या माणसाचा. मागच्या बाकावरून एक हुंदका आला. वकीलबाई मात्र शांतपणे उठल्या.

त्यांनी बारक्याला विचारलं की चर खणल्यावर त्या घरांतल्या माणसांनी ये-जा कुठून करावी, याची सोय खात्याने किंवा कंत्राटदाराने केली होती का. तो म्हणाला, नाही. त्याने कंत्राटदाराकडे कठड्याच्या फळ्या मागितल्या होत्या, दिवे मागितले होते. तर ते हसून म्हणाले होते, लोक काय, उड्या मारतील.

“म्हणजे त्या रस्त्यावर माणसांसाठी सोय केली ती कुणी?”

तो वहिनीकडे बघू लागला. तेव्हा, कुणी विचारलेलं नसताना, खाली बसलेली ती हळू आवाजात म्हणाली, “एकट्या माझ्या दिराने केली. दुसऱ्या कुणीच नाही.”

न्यायाधीशांनी या वेळी कुणालाही गप्प बसवलं नाही.

निकाल पुढे लागला. त्यात लिहिलं होतं की रस्ता खणणाऱ्यावर त्या रस्त्याने जाणाऱ्याची जबाबदारी असते, आणि ती पत्रे उभे करून संपत नाही. मुकादमाची चूक झाली हे खरं, वाट उघडी ठेवणं हा हलगर्जीपणाच, पण ती त्याच्या हातून मालकाचं काम करताना झाली, म्हणून तिचं उत्तर मालकाने द्यायचं, आणि खात्याने त्याच्यासोबत. जो प्रश्न विचारायचं धाडस तिला झालं नव्हतं, त्याचं उत्तर इतकं साधं होतं! ते ऐकून ती आनंदली नाही, खिन्नपणे बसून राहिली. विचारलं असतं तर एवढे दिवस...

कंत्राटदाराने बारक्याला काढलंच. दुसरीकडे काम मिळायला त्याला बरीच वणवण करावी लागली. आता तो जिथे असतो, तिथे कठडा लावलेली फळी आणि दिवा आल्याशिवाय पहिली कुदळ पडू देत नाही. मजूर त्याला मागून ‘वहिनीचा मुकादम’ म्हणतात, आणि त्याला ते माहीत आहे.

पण हे सगळं नंतरचं. ज्या दिवशी साक्ष झाली, त्या दिवशी घरी आल्यावर ताटं वाढली गेली. बारक्या इतक्या महिन्यांनी तिच्या समोर जेवायला बसला, आणि पहिला घास तोंडाशी नेऊन तसाच थांबला. तिने डोळ्यांनीच, खा, म्हटलं. नवरा पाणी वाढायला उठला, तिच्या मागे जाऊन उभा राहिला, तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि परत जागेवर येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आधी डोळे मिटून आपला नेम केला. कालचा चुकलेलाही केला. मग ती स्टुलापुढे येऊन बसली. केसांना हात लागला, पण तो नवऱ्याचा नव्हता. हात म्हातारा होता, सराईत होता. एकही गुंता न ओढता तो सगळे केस सोडवत चालला होता.

तिला मागे वळायचा धीर झाला नाही. मानेवर एक ऊन थेंब पडला, मग आणखी एक. ती काही बोलणार, एवढ्यात सासूबाईंनी घसा साफ केला.

“केस चांगले लांब आहेत की तुझे,” त्या म्हणाल्या. “मी कधी बघितलेच नव्हते.”