तिसऱ्या कोनाड्यातली चांदी

पुष्पलता खरात यांच्या दारावर 'टायपिंग आणि व्हिसा फॉर्म' अशी पाटी होती. गुप्तहेर म्हणून पाटी लावायची तर अर्ज कुठे करायचा, हे बहरीनमधल्या नऊ खिडक्या फिरूनही त्यांना कळलं नव्हतं. त्यामुळे लोक फॉर्म भरायला येत आणि फॉर्ममध्ये ज्याला रकाना नाही ते सांगून जात.

सुहा शनिवारी सकाळी आली. अंगावर नर्सिंग कॉलेजचा पांढरा युनिफॉर्म होता. खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही.

"आंटी, माझ्या अब्बांना चोर ठरवलंय."

कोपऱ्यातल्या बाकावर जमालुद्दीन सावरून बसला. तो रत्नागिरीचा, टॅक्सीवाला. गिऱ्हाईक नसलं की बाईंच्या एसीत येऊन बसे आणि बाहेर सांगताना स्वतःला त्यांचा पार्टनर म्हणवी.

सुहाचे वडील उबेद मूळचे श्रीवर्धनचे. मुहर्रकच्या एका जुन्या राजवाड्यात ते चोवीस वर्षं गाइड होते. तिथे गर्दीला प्रवेश नाही. आधी बुकिंग करायचं, मग एकाच कुटुंबाला घेऊन गाइड तासभर फिरवणार. वाड्याच्या बैठकीत भिंतीला तीन कोनाडे. तिसऱ्यात राजाच्या पाहुण्यांचा चांदीचा दल्ला, म्हणजे अरबी कॉफीची चोचदार किटली. गुरुवारी दुपारी बारा वाजता त्या जागी पितळेचा दल्ला सापडला.

"नऊपासून बारापर्यंत चावी अब्बांकडेच होती," सुहा म्हणाली. "आणि पावणेअकराला त्यांनी वहीत सही केलीय, सगळ्या वस्तू जागेवर आहेत म्हणून. म्हणजे त्यानंतर बदलला, आणि त्यांनीच बदलला. सोमवारी केस पोलिसात जाणार. व्हिसा कॅन्सल, खलास. मी त्यांच्याच व्हिसावर आहे, आंटी. माझी फायनल एक्झाम आठ महिन्यांवर आलीय."

"ते स्वतः काय म्हणतात?"

"'सही माझी आहे.' बस. पुढे एक शब्द नाही."

"घरी कसे असतात?"

"हल्ली चिडतात. परवा मी टीपॉय खिडकीजवळ सरकवला तर केवढे भडकले! अम्मीचे व्हॉट्सअ‍ॅप पण मलाच वाचायला लावतात. चष्मा हरवलाय म्हणे. नवा करू म्हटलं तर नको."

पुष्पलताबाईंनी 'टीपॉय' एवढंच कागदावर लिहिलं. जमालुद्दीनने ते वाकून वाचलं आणि गंभीरपणे मान हलवली. त्याला काहीही कळलं नव्हतं.

राजवाड्याचा कारभार पाहणाऱ्या हुदाबाई मनामाच्या ऑफिसात बसत. पुष्पलताबाईंनी त्यांना फोन केला. बुधवारी दुपारी तीनला महिन्याची तपासणी होती. तेव्हा चांदीचा दल्ला आपण स्वतः हातमोजे घालून पुसला, असं हुदाबाईंनी सांगितलं. गुरुवारच्या पाहुण्यांचा नंबर दिला. आणि रविवारी सकाळी उबेदने तीच फेरी पुन्हा दाखवावी, ही विनंतीही मान्य केली.

गुरुवारचे पाहुणे म्हणजे फलटणचे निवृत्त मुख्याध्यापक केशवराव आणि त्यांच्या पत्नी काशीबाई. मुक्काम मुलाच्या फ्लॅटवर. पुष्पलताबाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"माणूस हिरा हो!" केशवराव म्हणाले. "साडेदहाच्या सुमाराला आम्हाला जवळ बोलावून म्हणाला, वाका, चोचीवरची नक्षी बघा, चांदी कशी चमकते बघा."

"चमकत होती?"

"जरा पिवळट होती. म्हटलं जुनी वस्तू, पडली असेल पिवळी."

मागून काशीबाईंचा आवाज आला. "चांदी काळी पडते, पिवळी नाही! मी तिथेच म्हटलं. पण चारचौघांत बायको बरोबर असली की ह्यांना चक्कर येते."

"हे तुम्हाला ऑफिसातून कुणी विचारलं का?"

"छे. आम्ही पडलो टूरिस्ट. आम्हाला कोण विचारतो?"

फोन ठेवताच जमालुद्दीन उठला. "म्हणजे दल्ला आधीच बदलला होता! उबेदनेच बदलला आणि वर खोटी सही ठोकली. बाई, पोरीला काय सांगायचं?"

"जमालभाई, तुम्ही चांदी चोरून पितळ ठेवलंत, तर पाहुण्यांना वाकून बघा म्हणाल?"

"मी चोरी करणार नाही."

"बरं," पुष्पलताबाई म्हणाल्या.

रविवारी पहाटेपासून हवेत धूळ होती. सूर्य चहात पडलेल्या बिस्किटासारखा विरघळून गेला होता.

राजवाड्याच्या दाराशीच ऑफिस. तिथला व्यवस्थापक शहजाद मूळचा खेडचा, चाळिशीचा, गोड बोलणारा. त्याने थर्मासमधून कॉफी ओतली.

"माफ करा, थर्मासचीच आहे. ऑफिसचा दल्ला कल्हईला दिलाय."

तबकाच्या मधोमध एक गोल डाग होता. वर्षानुवर्षं एकाच भांड्याच्या बुडाने पाडलेला. पुष्पलताबाईंनी आपला पेला त्या डागावर ठेवला.

"गुरुवारी तुम्ही कुठे होता?"

"बुधवारी संध्याकाळी मीच कुलूप लावलं. गुरुवारी नऊला उबेदचाचांना चावी दिली आणि कंपनीच्या बसने सित्राला गोदामात गेलो. बारापर्यंत तिथेच. अठरा माणसं साक्षीला आहेत." तो हळहळला. "चाचा असं करतील, वाटलं नव्हतं. माझ्या बापासारखे आहेत."

"वही बघू?"

त्याने वही उघडून दिली. गुरुवार. नऊ वस्तूंपुढे नऊ हिरव्या खुणा. त्याखाली हिरव्याच शाईत वेळ, १०:४५. शेजारी निळ्या शाईत उबेदची सही. ती रेघ सोडून वर चढत गेलेली.

"हे सगळं उबेदभाईंनीच भरलं?"

"त्यांनीच. मी इथे नव्हतोच ना."

"तुमचं पेन छान आहे," पुष्पलताबाई म्हणाल्या.

शहजादने खिशाला लावलेलं हिरवं पेन कौतुकाने पाहिलं. "वडील तहसील कचेरीत शिपाई होते. हिरव्या शाईने फक्त साहेबांनी सही करायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हे लहानपणापासून ऐकलंय. इथेही मी नियमच केलाय. हिरवं पेन माझं एकट्याचं. कुणाला देत नाही, सोडून जात नाही." तो हसला. समुद्र ओलांडताना माणूस पासपोर्ट विसरेल, कचेरी विसरत नाही.

तेवढ्यात उबेद आले. अठ्ठावन्न वय, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, सरळ मान. आजच्या फेरीच्या परवानगीवर त्यांची सही हवी होती. शहजादने कागद पुढे केला, आपलं बोट सहीच्या रेघेवर टेकवलं, उबेदचा डावा अंगठा धरून तिथे आणला आणि मग निळं पेन हातात दिलं.

"बघा," जमालुद्दीन बाईंच्या कानाशी कुजबुजला. "एवढं होऊनसुद्धा किती माया!"

फेरी सुरू झाली, आणि उबेद एकदम दहा वर्षांनी लहान झाले.

"डोकं सांभाळा. दार पाच फुटांचं आहे. राजाकडे येणारा वाकूनच यावा, म्हणून. राजा स्वतःसुद्धा वाकायचा, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही."

चालताना त्यांचा उजवा हात भिंतीवरून फिरत होता. "समुद्रातल्या पोवळ्याचा दगड आहे हा. हात लावल्याशिवाय बोलत नाही." खजुराच्या खोलीत ते थांबले. जमिनीवर बांधासारख्या ओळी होत्या. वर खजुराची पोती रचायची, खालच्या चरांतून त्यांचा मधासारखा रस वाहत कोपऱ्यातल्या रांजणात. त्या ओळींवरून उबेद घरच्या उंबऱ्यावरून जावं तसे गेले. जमालुद्दीन दोनदा अडखळला.

वाऱ्याच्या मनोऱ्याखाली गार झुळूक होती. पुढच्या दालनात रंगीत काचांची खिडकी.

"आता फरशीवर बघा," उबेद हळू आवाजात म्हणाले. "सकाळी दहाच्या उन्हात तांबडा आणि हिरवा उजेड असा सांडतो, की त्यावर पाय ठेवायला जीव होत नाही."

ते त्या जागेला वळसा घालून गेले. जमालुद्दीनने पाहिलं. बाहेर धूळ होती, फरशी नुसती राखाडी होती. पाहुण्याने पाहुण्यासारखं वागावं म्हणून तो "माशाल्ला" म्हणाला. पुष्पलताबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला.

बैठकीत हुदाबाई, शहजाद आणि सुहा थांबले होते. तिसरा कोनाडा रिकामा होता.

हुदाबाईंना हे अरबीत हवं होतं. पुढे पोलिसांना तसंच सांगायचं होतं. पुष्पलताबाईंचं अरबी 'यल्ला' आणि 'मफी' यांच्या पुढे गेलेलं नव्हतं. सुहा म्हणाली, "मी सांगते." ती वडिलांशेजारी उभी राहिली आणि एकेक वाक्य अरबीत करू लागली.

"चांदी गुरुवारी पावणेअकरानंतर गेली, असं सगळ्यांनी धरलं," पुष्पलताबाईंनी सुरुवात केली. "कारण वही तसं सांगते. पण काशीबाईंनी साडेदहालाच पिवळा दल्ला पाहिला. चांदी पिवळी पडत नाही, हे मुख्याध्यापकांना माहीत नसलं तरी त्यांच्या बायकोला माहीत होतं. म्हणजे अदलाबदल झाली बुधवारी तीननंतर आणि गुरुवारी साडेदहाच्या आत. त्यात बुधवारची संध्याकाळ आणि कुलूप शहजादचं. त्याचे अठरा साक्षीदार खरे आहेत. फक्त ते चुकीच्या वेळेचे आहेत."

शहजाद हसला. "संशयावर काय, कुणावरही घेता येतो."

"पितळेचा दल्ला ऑफिसातला आहे. तिथल्या तबकावरच्या डागावर त्याचं बूड टेकवून बघा, हुदाबाई. तो कल्हईला गेला नव्हता, या कोनाड्यात आला होता."

सुहाने अरबी केलं. शहजादचं हसू जागेवरच राहिलं.

"आता वही. पावणेअकराच्या खुणा हिरव्या आहेत. वेळही हिरव्या शाईत. हिरवं पेन एकच, ते कुणाला मिळत नाही, आणि पावणेअकराला ते शहजादच्या खिशात सित्राला होतं. मग खुणा कधी झाल्या? नऊला, चावी देताना. पावणेअकराचं पान त्याने नऊलाच भरून ठेवलं."

"पण बाई," जमालुद्दीनला राहवलं नाही, "उबेदभाई आयत्या भरलेल्या पानावर सही कशी करतील? समोर पितळ दिसत असताना?"

पुष्पलताबाई उबेदकडे वळल्या. "उबेदभाई, मला माफ करा. दुसरा रस्ता मी कालपासून शोधत होते."

उबेद ताठ उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"सरकवलेला टीपॉय. हरवलेला चष्मा. रेघ सोडून चढणारी सही. आणि आज ऊन नसताना फरशीवर सांडलेला उजेड. जमालभाई, शहजादने अंगठा रेघेवर ठेवला, ती माया नव्हती. ज्याला रेघ दिसत नाही त्याला रेघ दाखवायची सवय होती. उबेदभाईंना दिसत नाही. हे शहजादला माहीत होतं, आणि त्याने नेमकी त्याच जोरावर चोरी केली."

सगळे अरबीची वाट पाहत राहिले. अरबी आलं नाही.

सुहाने वडिलांच्या चेहऱ्यासमोर हात नेला. हळूच, जसा वॉर्डात नेतात. उबेदची नजर खिडकीकडेच राहिली.

"अब्बा, सलमानिया हॉस्पिटलात डोळ्यांच्या वॉर्डमध्ये दोन महिने ड्युटी केली मी," ती म्हणाली. "रोज घरी येऊन तुम्हाला पेशंटांच्या गोष्टी सांगितल्या."

"म्हणून तर कळलं, आता काही होणार नाही," उबेद म्हणाले. "कडा अजून दिसतात. मधलं गेलं."

"मग सांगितलं का नाही? तुम्हाला चोर म्हणत होते!"

"चोरी खोटी होती, बेटा. आज ना उद्या खोटी ठरली असती. हे खरं आहे. एकदा सांगितलं की झालं. आंधळ्या गाइडचा व्हिसा कोण ठेवतं? तुझे आठ महिने जायला हवे होते. वाडा मला पाठ आहे. आठ महिने सहज गेले असते. पितळ आहे हे हात लावला असता तर कळलं असतं. पण वस्तूला हात लावायचा नाही, हा नियम पाहुण्यांना चोवीस वर्षं मीच सांगत आलो. कुणी बघत नसतानासुद्धा मी लावला नाही."

शहजाद भिंतीला टेकला होता. "आठ महिने चाचांची वही मी भरली," तो म्हणाला. "आधी खरंच मदत म्हणून." मग उरलेलंही त्यानेच सांगितलं. चांदी त्याच्या खोलीत तांदळाच्या पिंपात होती; गिऱ्हाईक मंगळवारी येणार होतं.

हुदाबाईंनी सुहाकडे पाहिलं. "शेवटचं वाक्य राहिलं," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

सुहाने युनिफॉर्मची बाही डोळ्यांवरून फिरवली आणि ते वाक्य अरबीत सांगितलं. पूर्ण, एकही शब्द न गाळता. परीक्षेत सांगावं तसं.

उबेदवरचा आरोप आजच मागे घेते, हुदाबाई म्हणाल्या. वही मात्र आता त्यांच्याकडे ठेवता येणार नाही, फेऱ्याही नाहीत. कॉन्ट्रॅक्टचं, मुलीच्या आठ महिन्यांचं वर विचारून सांगते. "इंशाल्ला," त्या म्हणाल्या.

आखातात या शब्दाचे 'हो', 'नाही' आणि 'बघू' असे तिन्ही अर्थ होतात. त्यांच्या आवाजावरून कुठला, ते पुष्पलताबाईंनाही ओळखता आलं नाही.

बाहेर पडताना उबेद पुढे होते. खजुराची खोली, मग मनोऱ्याखालची झुळूक, मग बुटकं दार.

"डोकं सांभाळ, सुहा."

ती वाकली. दाराबाहेर तीन पायऱ्या, त्याही ते मोजून उतरले. खाली गल्लीत धुळीत सकाळनंतर कुणीतरी पाण्याचे कॅन रचून ठेवले होते. उबेद त्यांच्यापासून दोन पावलांवर थांबले. पुढे गेले नाहीत.

जमालुद्दीन टॅक्सी जवळ आणायला धावणार होता. पुष्पलताबाईंनी त्याची बाही धरली.

सुहा पुढे झाली. वडिलांचा हात तिने आपल्या कोपरावर ठेवला.

"उजवीकडे कॅन आहेत, अब्बा," ती म्हणाली. "डावीकडून चला. मी सांगते."