उजव्या डोळ्याची मोरी

पितरपाट्याचे दिवस. तातेराव घनसावंगीहून जीपनं जालन्याला निघाला, डोळ्याचा फोटो काढायला. संगं बायको झुंबरबाई. उसाच्या पात्यानं त्याचा उजवा डोळा गेल्ता. मंग दवाखान्यात कोण्या मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवलं, अन् दिसायलाबी लागलं. पण घरी पितर घातल्या दिवसापासून डोळा ठणकू लागला, दगडावानी टणक झाला.

भाईर रणरणतं ऊन, अन् फोटोच्या खोलीत मिट्ट अंधार. स्पिरिटचा वास. मशीनची बारीक घरघर. डॉक्टरीणबाईनं त्याला आडवं केलं, पापण्यांच्या मधात बिनबुडाची वाटी बसवली, तिच्यात पाणी भरलं अन् मशीनचं टोक त्या पाण्यात बुडवलं.

"काका, डोळ्याच्या आतलं पाणी जायला कोपऱ्यात बारीक मोरी असते. ती बुजत चाललीय, म्हणून पाणी तुंबून डोळा टणक झालाय. अशीच राहिली तर बसवलेलं बुबुळ जाईल. मागच्या फोटोत मोकळी होती... काय केलंत?"

"म्या काय करणार? औषध टाकतो की बराबर!"

बाजूच्या दारातून झुंबरबाई बोलली, "सांगते बाई. ज्याचा डोळा, त्याच्यासाठी मी पितराचं पान वाढलं. नाव ठावं न्हाई, म्हणून 'डोळेवाल्या दादा, जेवाया या' म्हणलं. ह्यांनी लाथ मारली पानाला. परक्याचं मढं घरात कशाला, म्हणले."

"गप बैस! चारचौघात तोंड..."

"ओरडू नका, काका," डॉक्टरीण दबक्या आवाजात म्हणली. तिची नजर मशीनच्या पडद्यावर. "तुम्ही ओरडलात... आणि ती अजून मिटली."

तातेरावच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्याच्या डोळ्यानं बायकोचं तोंड पुन्हा दिसलं, त्याचंच घासभर अन्न लाथाडलं. थू आपल्या जिंदगानीवर.

सर्वपित्री अवसंला त्यानं सोताच्या हातानं खीर-पुरीचं पान वाढलं. माळवदावर नेऊन ठिवलं. "चुकलं, दादा," म्हणला. कावळा आला, शिवला.

पुढच्या फोटोत मोरी मोकळी. डोळा मऊ पडल्ता.

"वाचला डोळा, काका!" डॉक्टरीण हसली. "आता खाली बघा, राहिलेला कोपरा बघू."

बायकोसमोर त्याला तसंबी वर बघवत नव्हतं. त्यानं नजर खाली घातली.

"खाली, काका..."

"घातली की."

"डावाच गेला खाली..."

पडद्याच्या उजेडात तातेरावला डाव्या डोळ्यानं सोताच्या पायाची बोटं दिसून राह्यली होती. अन् उजव्यानं, वाटीतल्या पाण्यातून... दारातली झुंबरबाई. तो तिकडं बघतच नव्हता.

झुंबरबाईनं त्या डोळ्याकडं एकदा बघितलं. मंग परक्या बाप्यासमोर घ्यावा तसा पदर नाकापर्यंत ओढला, अन् भिंतीकडं तोंड करून उभी राह्यली.