दोन खोट्या नोंदी

वीर स्टेशनहून महाडला येणाऱ्या रिक्षात मी फोनवर भांडत होते. शेजारी कोण बसलंय हे बघितलंही नव्हतं. कंपनीवाला म्हणत होता, इतक्या जुन्या मशीनसाठी आम्ही आता माणूस पाठवत नाही. मी म्हणत होते, चारशे एक नंबरचा अलार्म येतो, बंद करून चालू केलं की जातो, निदान कारण तरी सांगा. त्याने फोन ठेवला. मी कपाळाला हात लावला.

"रोज येतो का?" शेजारचा म्हणाला.

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही... रोज येत असेल तर लवकर सापडतो. मनाला येईल तेव्हा येत असेल, तर आधी त्याच्याशी ओळख वाढवावी लागते."

तेव्हा कुठे मी वळून बघितलं. मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारं मीटर, आणि हसू दाबून धरलेला चेहरा. अझीम त्याचं नाव. गाव तुडील, पनवेलला मशीन दुरुस्तीची नोकरी, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिन्याची रजा. महाड येईपर्यंत मला एवढं सगळं कळलं होतं आणि मी काहीच विचारलं नव्हतं. बरं, थोडंसं विचारलं होतं.

अब्बांनी कुवेतमध्ये वीस वर्षं लेथवर काढली आणि परत आल्यावर हे सीएनसी मशीन घेतलं. तेव्हाच ते सेकंडहँड होतं. मी डिप्लोमा केला तो याच मशीनवर उभं राहायचं म्हणून. आता ते जॉब, म्हणजे त्यावर लावलेला लोखंडाचा तुकडा, कापता कापता मध्येच थांबायचं, पॅनेलवर लाल अक्षरं उमटायची आणि जॉब वाया जायचा. अब्बा कंटाळले होते. चिपळूणचा एक गिऱ्हाईक महिनाअखेरच्या शनिवारी मशीन बघायला येणार होता. मशीन गेलं की शेड भाड्याने द्यायची आणि मला मुंबईला मामूच्या ट्रॅव्हल एजन्सीत बसवायचं, असं घरात ठरत आलं होतं. मला लोकांची तिकिटं काढायची नव्हती. मला लोखंड कापायचं होतं.

अझीम दुसऱ्या दिवशी आला. पॅनेलचं दार उघडून त्याने आतली धूळ साफ केली, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हला हात लावून बघितला आणि काहीही न बदलता दार लावलं. मग मला एक कोरी वही दिली. अलार्म आला की तारीख, वेळ आणि कोणता जॉब चालू होता ते लिहायचं.

"अलार्म आला की लगेच फोन करा, तेव्हाच येतो. मशीन नीट चालत असताना येऊन उपयोग नाही," तो म्हणाला. "आणि अंदाजाने लिहू नका. दोष कुठे आहे ते मला ही वहीच दाखवणार आहे."

आमचा ऑपरेटर भरत भातकापणीला पोलादपूरकडे गेला होता, त्यामुळे मशीनवर मी एकटीच. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यातून खाली उतरायचं, कापताना सोडायच्या कूलंटचा आंबूस वास शेडभर पसरायचा. अलार्म आला की मी फोन करायची आणि चाळीस मिनिटांत त्याची गाडी दारात. एकदा तो माझ्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊन गेला. जाताना म्हणाला, तुमचा अलार्म जेवायच्या वेळा बरोबर ओळखतो. मी हसले नाही. तो गेल्यावर मात्र बराच वेळ हसत होते.

आणि मग मशीन चार दिवस सलग चाललं. एकदाही थांबलं नाही.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. माझं उलटं झालं होतं. मशीन बरं चालायला लागलं आणि मला वैद्याची खरी गरज कळली. बारा तारखेला मी छोटे बुश, बोटभर लांबीच्या पोकळ नळ्या, कापत होते. सगळं सुरळीत होतं. मी वही उघडली, अकरा वाजून वीस मिनिटं असं लिहिलं... आणि फोन केला. सोळा तारखेला परत तेच. लाज वाटली, नाही असं नाही. पण त्याची गाडी वळणावर दिसली की ती लाज कुठल्या कुठे जायची.

गिऱ्हाईक यायच्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी तो वही घेऊन स्टुलावर बसला. एकेका नोंदीवर बोट फिरवत गेला.

पुरानंतर महाडात ज्याने त्याने मीटर, फ्रीज, सगळंच वर चढवलं होतं. अब्बांनी मशीनचं पॅनेलही लोखंडी घोड्यावर चढवलं. तेव्हापासून पॅनेलमधून टरेटकडे जाणारी केबल ताणलेली आहे, हे अझीमने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. त्याचा संशय तिच्यावरच होता. पंपांचे लांब शाफ्ट, म्हणजे दांडे, कापताना टूल धरणारा टरेट पार टोकाला जातो, केबल आणखी ताणते आणि आत एखादी तार तुटलेली असली तर तिची टोकं सुटतात. सुरुवातीच्या सगळ्या नोंदी शाफ्टच्याच होत्या. पण बुशसाठी टरेट टोकाला जातच नाही. मग त्या वेळी अलार्म का यावा? म्हणजे दोष केबलचा नाही, ड्राइव्हचा. आणि हा ड्राइव्ह आता कुठेच मिळत नाही.

"अब्बांना मी सांगतो," तो खाली बघत म्हणाला. "विकू दे मशीन. मला वाईट वाटतंय, रिम्शा."

माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं, आणि ते अशा वेळी. गप्प राहिले तर मशीन जाणार होतं. बोलले तर माझी अब्रू.

"बारा आणि सोळा तारखेच्या नोंदी काढून टाक," मी म्हणाले.

"का?"

"तेव्हा अलार्म आलाच नव्हता."

"मग फोन कशाला केला?"

"तू यावास म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ओरडेल. तो उठला, टरेट टोकाला नेला आणि हात घालून केबल जरा हलवली. पॅनेलवर लाल अक्षरं उमटली. केबल सोलली तर आत एक तार तुटलेली, वरचं आवरण मात्र धडधाकट.

शुक्रवारी त्याने नवी, आधीच्यापेक्षा हातभर जास्त लांब केबल टाकली. संध्याकाळपर्यंत अकरा शाफ्ट निघाले, एकही थांबला नाही. अब्बांनी केबिनमधून चिपळूणला फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. अझीम मात्र माझ्याशी केबलखेरीज एक शब्द बोलला नव्हता. मला रडू येत होतं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून वही घेतली आणि माझ्या दोन्ही नोंदींवर काट मारली.

बुशची अजून एक नोंद उरली. अठरा तारीख, दुपारचे तीन. अठराला मी बिरवाडीला माल पोचवायला गेले होते. अक्षरही माझं नव्हतं.

"ही कुणाची?"

तो पाना पुसत राहिला. कान लाल झाले होते.

"माझी," तो म्हणाला. "त्या दिवशी मी आलो, तर तू शेडवर नव्हतीस. दुसऱ्या दिवशी यायला काहीतरी कारण पाहिजे होतं ना..."

"आणि मशीन विकलं गेलं असतं तर?"

"माझी नोंद मी विचारात घेतलीच नव्हती. तुझ्या दोन मला माहीत नव्हत्या."

मला राग यायला हवा होता. आला नाही. रविवारी तू पनवेलला जाणार, एवढंच मी कसंबसं म्हणाले.

"रविवारी जाईन. त्याआधी अब्बांशी बोलतो."

"काय बोलणार?"

"जे तू काल बोललीस तेच. माझ्याकडून."

तो केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. काचेतून अब्बा दिसत होते, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बारावा शाफ्ट चालू होता आणि मशीनच्या आवाजात आतलं काही ऐकू येईना. महिनाभर जे थांबू नये म्हणून झटले, ते मशीन मी माझ्या हाताने बंद केलं.

आत अब्बा विचारत होते, "घरी कोण कोण हाय रे तुझ्या?"